आरटीएक्स ३०७० देऊन मित्राचं आरएक्स ६७०० एक्सटी घ्यावं का?

दोन्ही गेमिंगची ग्राफिक्स कार्डं, पहिलं एनव्हिडियाचं, दुसरं एएमडीचं. निकाल आधीच सांगतो: ३०७० हातात असेल तर बहुतेकांनी ते देऊ नये, आणि ६७०० एक्सटीवाल्याला कोणी सरळ अदलाबदलीत ३०७० देत असेल तर कार्ड नीट तपासून घ्यावं. याला अपवाद आहेत आणि ते किरकोळ नाहीत.

कागदावर दोन्ही कार्डं जवळजवळ सारखी आहेत. ३०७० ऑक्टोबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलं, ६७०० एक्सटी मार्च २०२१ मध्ये ४७९ डॉलरला. वीज पहिलं २२० वॅट खातं, दुसरं २३०. साध्या रेंडरिंगमध्ये १४४०पी (२५६०x१४४०) रिझोल्यूशनला ३०७० सरासरी थोडं पुढे असतं, पण गेमनुसार क्रम उलटतो आणि डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. फक्त एफपीएसचे (सेकंदाला किती फ्रेम) आलेख बघून बदलाबदली करायची असेल तर तो खटाटोप वाया जाईल. खरा फरक मुख्यतः दोन ठिकाणी आहे: ३०७० ची मेमरी ८ जीबी आणि दुसऱ्याची १२ जीबी, आणि ३०७० ला डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं आणि स्पष्ट करणारं एनव्हिडियाचं अपस्केलिंग) चालतं, दुसऱ्याला नाही.

मेमरीचं आधी बघू, कारण बहुतेक लोक तिच्याच भीतीने ३०७० काढायला निघतात. ८ जीबी भरली की गेम बंद पडतोच असं नाही. जादा डेटा पीसीआय एक्सप्रेसवरून (कार्ड ज्यात बसतं त्या स्लॉटमधून) रॅममध्ये ये-जा करायला लागतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते, तर चौथ्या पिढीच्या स्लॉटमधून एका दिशेला जेमतेम ३२ जीबी जातात. बी४५० किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीचा बोर्ड असेल तर स्लॉट तिसऱ्या पिढीचा, म्हणजे त्याच्याही निम्मे. त्यामुळे सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण वळताना किंवा नव्या भागात शिरताना गेम अडखळतो. काही गेम अडखळण्याऐवजी गुपचूप टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) धूसर करतात आणि भिंती, कपडे चिखल फासल्यासारखे दिसतात. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ आणि ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ २०२३ मध्ये पीसीवर आले तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची हीच फजिती झाली होती. पुढच्या पॅचेसनी बरीच सुधारणा केली. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’मध्ये मात्र ८ जीबीवर टेक्स्चर पूलची (टेक्स्चरसाठी राखलेल्या मेमरीची) सेटिंग खाली आणावीच लागते.

आपल्याला हा त्रास खरंच आहे का, ते अंदाजाने ठरवू नका. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘मेमरी युसेज’च्या नोंदीशेजारी ‘प्रोसेस’ लिहिलेली वेगळी नोंद असते, ती स्क्रीनवर आणा. साधी नोंद विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड असं सगळं धरून आकडा दाखवते आणि उगाच घाबरवते. सोबत फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख आणि १ टक्का लो (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडा लावा. मग नेहमीच्या गेममध्ये अर्धा तास खेळा. मेमरी ७.५ जीबीच्या वर आणि त्याच वेळी आलेखात सुळके, असं दिसलं तर टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणून पुन्हा बघा. सुळके गेले तर कार्ड बदलायची गरज नाही, कारण अल्ट्रा आणि हाय टेक्स्चरमधला फरक शोधायला स्क्रीनशॉट मोठा करावा लागतो. मध्यमवर येऊनही सुळके राहत असतील, किंवा स्कायरिमसारख्या गेममध्ये तुम्ही ४के टेक्स्चरचे मॉड भरत असाल, तर १२ जीबीला पर्याय नाही आणि अदलाबदल योग्यच आहे.

आता डीएलएसएस. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आणलेलं नवं ट्रान्सफॉर्मर मॉडेल २० मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळालं. ३०७० वर ते जुन्या मॉडेलपेक्षा थोडे एफपीएस खातं, पण १४४०पीला ‘बॅलन्स्ड’वरही चित्र स्वच्छ राहतं. ६७०० एक्सटीला अधिकृतपणे एफएसआर ३ (एएमडीचं अपस्केलिंग) पर्यंतच पोच आहे. एफएसआर ४ एएमडीने ९००० मालिकेसाठी काढलं. एफएसआर ३ मध्ये गवत, जाळ्या, केस आणि पाण्याचे तुषार हलताना चमचमतात. १४४०पीला ‘क्वालिटी’च्या खाली जाववत नाही. फ्रेम जनरेशनसाठी (खऱ्या फ्रेमच्या मध्ये तयार केलेल्या जादा फ्रेम) ३०७० सोडायची गरज नाही: एनव्हिडियाचं स्वतःचं ४० मालिकेपासून पुढे आहे खरं, पण एफएसआर ३.१ असलेल्या बऱ्याच गेममध्ये अपस्केलिंग डीएलएसएसचं आणि फ्रेम जनरेशन एएमडीचं अशी खिचडी चालते.

रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या, प्रतिबिंबं काढण्यात) ३०७० स्पष्ट पुढे आहे. गंमत अशी की रे ट्रेसिंग चालू केलं की मेमरीही जास्त लागते, म्हणजे जिथे हे कार्ड जिंकतं तिथेच त्याची मेमरी आधी संपते. केवळ रे ट्रेसिंगसाठी ३०७० मागणाऱ्या मित्राला हे आधीच सांगून टाका.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांनी दोन्ही कार्डांचा विचार सोडून प्रोसेसरकडे बघावं. प्रोसेसर जुना असेल, समजा पहिल्या पिढीचं रायझन ५ किंवा चौथ्या पिढीचं इंटेल आय७, तर डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो आणि ६७०० एक्सटी पुढे जातं. लिनक्सवाल्यांनीही एएमडी घ्यावं. ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, कटकट कमी. याउलट ओबीएसवरून स्ट्रीमिंग, ब्लेंडरमधलं ३डी काम किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणं असलं काही असेल तर ३०७० सोडू नका. आणखी एक: २०२५ च्या अखेरीस एएमडीने ५००० आणि ६००० मालिकांना ड्रायव्हरच्या वेगळ्या, देखभालीपुरत्या शाखेत टाकलं. ओरड झाल्यावर नव्या गेमसाठी सुधारणा मिळत राहतील असा खुलासा केला. आज त्याने काही अडत नाही, पण तीन-चार वर्षं कार्ड वापरायचं असेल तर हिशेबात धरा.

आता तपासणी. मित्र आहे म्हणून ती टाळू नका. मित्रानेही कार्ड सेकंडहँड घेतलेलं असू शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद झालं आणि ३०७० कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंगमध्ये चिप सहसा कमी व्होल्टेजवर चालते, त्यामुळे तिचं फारसं बिघडत नाही. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या पट्ट्या). पंखा बोटाने हळू फिरवा, खरखर किंवा डगमग नको. मुंबई-कोकणातलं कार्ड असेल तर ब्रॅकेट, स्क्रू आणि एचडीएमआय पोर्टवर गंज बघा. मग जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये रेंडर टेस्ट चालू करून लिंक ‘x१६’ (पूर्ण रुंदीची) दिसते का ते पाहा, सुपरपोझिशन ही बेंचमार्क चाचणी तीन-चार वेळा चालवा, ओसीसीटी या प्रोग्रॅमची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्ट अर्धा तास. त्या टेस्टमध्ये एकसुद्धा एरर आली तर व्यवहार तिथेच संपला. ३डीमार्क टाइम स्पायचा ग्राफिक्स स्कोअर ३०७० ला साधारण साडेतेरा हजार, ६७०० एक्सटीला बारा हजारांच्या आसपास येतो. फारच कमी आला तर आधी तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये ३०७० चा हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) चिपच्या साध्या तापमानापेक्षा १०-१५ अंशांनी वर असणं ठीक. २५ च्या पुढे गेला तर बहुधा चिपवरची थर्मल पेस्ट वाळली आहे. ६७०० एक्सटीत ९०-९५ अंशांचा हॉटस्पॉट घाबरण्यासारखा नाही, त्याची मर्यादा ११० आहे. ३०७० मेमरीचं तापमान दाखवत नाही, त्यामुळे तिथे व्हीरॅम टेस्टवरच भिस्त.

एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) दोघांनाही ६५० वॅटचा पुरतो. कनेक्टर मात्र वेगळे असू शकतात: ६७०० एक्सटीला बहुधा ८ आणि ६ पिन, ३०७० च्या बऱ्याच मॉडेलना दोन ८ पिन, आणि फाउंडर्स एडिशन (एनव्हिडियाचं स्वतःचं मॉडेल) असेल तर १२ पिनचं अडॅप्टर कार्डासोबत मागून घ्या. मित्राच्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल मात्र आणू नका. टोक बसतं, पण आतली पिनांची रचना कंपनीगणिक बदलते आणि कार्ड जळू शकतं. कॅबिनेटमधली जागा मोजा. तीन पंख्यांची बरीच मॉडेल ३०० मिलिमीटरच्या वर जातात.

बदलताना नव्या कार्डाचा ड्रायव्हर आणि डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसणारा प्रोग्रॅम) आधी डाउनलोड करा, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की लिहून ठेवा, मग इंटरनेट तोडा. तोडलं नाही तर विंडोज अपडेट मध्येच आपल्या मनाचा ड्रायव्हर टाकतं. सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून जुना ड्रायव्हर पुसा, मशीन बंद करा, कार्ड बदला, ड्रायव्हर टाका. बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आहे ना ते बघा. त्याचा फायदा रेडिऑनला जास्त होतो. ३०७० अगदी सुरुवातीच्या काळातलं असेल तर त्यासाठी कार्डाचा व्हीबायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागतो. पहिल्या दिवशी प्रत्येक गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार करतो म्हणून थोडा अडखळतो, त्यावरून मत बनवू नका.

पैशाची वरखाली शक्यतो नको. दोन्ही कार्डं निरोगी असतील तर सरळ अदलाबदल रास्त आहे. एकाची वॉरंटी शिल्लक असेल तेवढ्यापुरतीच रक्कम ठरवा. मूळ बिल आणि खोकं कार्डासोबत जायला हवं. दोन्हींचे सीरियल नंबर फोटो काढून एकमेकांना पाठवा, आणि पंधरा दिवसांत कोणालाही पटलं नाही तर कार्डं परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. त्या पंधरा दिवसांत कोणीही कार्ड उघडायचं नाही, पेस्ट बदलायची नाही, व्हीबायोस फ्लॅश करायचा नाही. ३०७० चा व्हीबायोस अपडेट बाकी असेल तर तो मूळ मालकानेच कार्ड देण्याआधी करून द्यावा.