जाहिरात न चालवणाऱ्यांसाठी अ‍ॅफिलिएट मार्केटिंग : पुण्यातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग, म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा दुवा देऊन त्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन घेणे, म्हटले की फेसबुक आणि गूगलवर जाहिराती लावून त्यावर कमिशन मिळवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मी ज्या अभ्यासवर्गाला गेले त्याच्या माहितीपत्रकात मात्र ‘जाहिराती चालवण्यापलीकडच्या नोकऱ्या’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि केवळ त्या ओळीमुळे मी फी भरली. भोसरीतील एका सुट्या भागांच्या वितरकाकडे मी नऊ वर्षे हिशेबाचे काम करते. विक्रेत्यांचे कमिशन जुळवणे, परत आलेल्या मालाची रक्कम त्यातून वजा करणे आणि तक्रार आली की जुनी बिले काढून दाखवणे, हाच माझा दिवस. जाहिरातीतले मला काही कळत नाही आणि पैसे लावून नशीब अजमावण्याचा माझा स्वभाव नाही.

वर्ग बारा आठवड्यांचा, शनिवार-रविवारचा, एकूण चोवीस तासिकांचा. फी ३२,००० रुपये आणि वर अठरा टक्के जीएसटी. चोवीसपैकी सतरा तासिका जाहिरातींवरच खर्च झाल्या, हे आधीच सांगून टाकते. शिवाय सरावासाठी प्रत्येकाने स्वतःच्या कार्डावरून पाच हजारांच्या जाहिराती लावायच्या होत्या, ज्याचा माहितीपत्रकात उल्लेखही नव्हता. त्या तासिकांविषयी यापुढे मी लिहिणार नाही. ज्यांना ते शिकायचे आहे त्यांना ते याहून स्वस्तात शिकता येईल.

उरलेल्या सात तासिकांपैकी दोन प्रास्ताविकात गेल्या. त्यातला एक मुद्दा मात्र लक्षात राहण्याजोगा होता. अ‍ॅमेझॉनने १९९६ साली आपली सहयोगी योजना सुरू केली तेव्हा त्यात जाहिरात चालवणे हा भागच नव्हता. स्वतःच्या संकेतस्थळावर पुस्तकाची शिफारस करायची, वाचकाने त्या दुव्यावरून खरेदी केली तर ठरलेला हिस्सा घ्यायचा, एवढाच व्यवहार होता. म्हणजे हा धंदा मुळात दलालीचा आहे. जिथे दलाली आहे तिथे दलाल शोधणारा, दर ठरवणारा, खरी-खोटी विक्री पारखणारा आणि पैसे चुकते करणारा असा माणूस लागतोच.

खरा लाभ झाला तो पुढच्या पाच तासिकांत, आणि त्यातही ऑर्डरींच्या पडताळणीच्या तासिकेत, जिला या व्यवसायातली माणसे सरळ ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. आपल्याकडे अजूनही पुष्कळ ऑर्डरी घरपोच पैसे देण्याच्या अटीवर होतात. ग्राहक दारात माल नाकारतो, माल परत जातो आणि दुवा देणाऱ्याच्या खात्यात दिसलेले कमिशन नाहीसे होते. म्हणूनच कमिशन आधी ‘पेंडिंग’ दिसते आणि परताव्याची मुदत उलटल्यावर, दुकानाने पाठवलेली यादी नेटवर्कच्या (दुकान आणि दुवा देणारे यांना जोडणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या) यादीशी जुळवून मगच ते मंजूर होते. आम्हाला चारशे ऑर्डरींची एक सरावाची फाइल दिली होती. एकाच सब-आयडीवरून (दुवा नेमका कुठून उघडला हे दाखवणाऱ्या खुणेवरून) रात्री दोन ते तीनच्या दरम्यान, एकाच पिनकोडला गेलेल्या सतरा ऑर्डरी मला अर्ध्या तासात सापडल्या, कारण विक्रेत्यांनी दोनदा लावलेली बिले मी वर्षानुवर्षे अशीच पकडत आले आहे. शेजारी बसलेली इंजिनिअर मुले तोवर सूत्रे लिहीत होती. याचे मला समाधान वाटले, ते लपवत नाही.

गैरव्यवहारावरची तासिका तितकीच भरीव होती. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेच्या दोन मोठ्या अ‍ॅफिलिएटांनी (दुवा देऊन कमिशन घेणाऱ्यांनी), लोकांनी क्लिक केलेले नसतानाही त्यांच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ग्राहक कोणाच्या दुव्यावरून आला याची खूण ठेवणारी छोटी फाइल, बसवून कमिशन उकळल्याचे प्रकरण अमेरिकेत एफबीआयपर्यंत गेले आणि २०१४ साली दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. हे प्रकरण शिक्षकांनी तांत्रिक तपशिलांसह उलगडून सांगितले. त्यानंतर पेपालच्या मालकीच्या हनी या, ब्राउझरला जोडून कूपने शोधून देणाऱ्या साधनावर डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या आरोपांची चर्चा झाली: ग्राहक पैसे भरण्याच्या क्षणी हे साधन मूळ शिफारस करणाऱ्याच्या दुव्याच्या जागी आपला दुवा बसवते, असा तो आरोप. खरेदीपूर्वी ज्याच्या दुव्यावर शेवटचे क्लिक झाले त्यालाच सगळे कमिशन देण्याच्या पद्धतीतून हे वाद उपजतात. कंपनीचे नाव गूगलमध्ये शोधणाऱ्यांना आपली जाहिरात दिसावी म्हणून त्या नावावर बोली लावणारे, कालबाह्य कूपने दाखवणारे आणि परवानगीशिवाय सूट जाहीर करणारे भागीदार शोधून काढणे हे पूर्णवेळ काम आहे आणि त्याला जाहिरात चालवता येण्याची नव्हे, संशयी नजरेची गरज असते. याच कामाचा दुसरा भाग नियमांचा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार शिफारशीमागे आर्थिक संबंध असेल तर तो सोप्या, स्पष्ट भाषेत उघड करावा लागतो, व्हिडिओत तर तो दिसावाही लागतो आणि ऐकूही यावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे तपासणारी माणसे कंपन्यांना हवी आहेत, हे शिक्षकांचे म्हणणे पटण्याजोगे होते.

पार्टनर मॅनेजर, म्हणजे कंपनीच्या वतीने दुवा देणाऱ्या भागीदारांना सांभाळणारी व्यक्ती, या पदाविषयी बोलायला या क्षेत्रात काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी एकही स्लाइड दाखवली नाही. सकाळचा पहिला तास ‘माझी ऑर्डर ट्रॅक का झाली नाही’ या पत्रांना उत्तरे देण्यात जातो, दिवाळीच्या सेलची आखणी कित्येक आठवडे आधी सुरू होते आणि कॅशबॅक देणारे संकेतस्थळ व पाककृतींचा ब्लॉग यांना एकच दर देणे हा मूर्खपणा आहे, एवढे सांगून त्यांनी आम्हाला जोड्या पाडून दराची घासाघीस करायला लावले. पूर्ण वर्गातला हा सर्वांत जिवंत तास होता आणि तो नेमका पाऊणच तास चालला.

ट्रॅकिंग (कोणती विक्री कोणाच्या दुव्यावरून झाली याची नोंद) आणि त्यासाठीच्या तांत्रिक जोडणीची तासिका मात्र घाईत उरकली. सफारी ब्राउझरने २०२० पासून तृतीय पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या, कुकी पूर्णपणे अडवल्यामुळे पोस्टबॅकचे, म्हणजे ब्राउझरवर विसंबून न राहता सर्व्हरकडून सर्व्हरला थेट पाठवायच्या विक्रीच्या नोंदीचे, महत्त्व वाढले, इथवर समजले. तो प्रत्यक्ष बसवायचा कसा, हे कोणी करून दाखवले नाही. लेखन-संपादनाच्या तासिकेत सगळी उदाहरणे इंग्रजी होती. तीसपैकी निम्मे विद्यार्थी मराठी माध्यमातले असताना, मिक्सर किंवा आरोग्यविम्याची तुलना मराठीत नीट लिहिणाऱ्याला काय वाव आहे याबद्दल चकार शब्द नसावा, हे मला खटकले.

सर्वांत मोठी चूक हिशेबाच्या टिपणात होती. कमिशनवरील टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला. आम्हाला दिलेल्या कागदावर तो पाचच होता. मी वर्गात हे दाखवून दिल्यावर शिक्षकांनी मोकळेपणाने मान्य केले, पण पुढच्या आठवड्यात तेच टिपण व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुन्हा आले. भागीदारांचे पैसे चुकते करण्याचे काम शिकवू पाहणाऱ्या संस्थेला हे शोभत नाही.

नोकरी मिळवून देण्याचे साहाय्य म्हणजे तोच व्हॉट्सअ‍ॅप गट. त्यावर आलेल्या जागा बहुतेक जाहिराती चालवणाऱ्यांसाठीच्या होत्या. माझ्या उपयोगाच्या दोनच आल्या आणि त्या दोन्ही गुरुग्रामच्या. कॅशकरोसारख्या कॅशबॅक देणाऱ्या कंपन्या तिकडेच असल्यामुळे यात संस्थेचा दोष फारसा नाही, परंतु पुण्यात राहून घरून काम करता येईल असे जे सांगितले गेले होते, त्याला आधार नव्हता.

हिशेब, ग्राहकसेवा, खरेदी विभाग किंवा विम्याची दलाली यांपैकी कशाचाही अनुभव असलेल्या व्यक्तीला त्या पाच तासिकांतून आपले जुने कौशल्य इथे कुठे बसते हे नक्की कळेल. पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्यांनी एवढे पैसे घालवू नयेत. पाच तासिकांचा वेगळा वर्ग आठ-दहा हजारांत काढला तर मी स्वतः धाकट्या बहिणीला पाठवीन. तूर्त ज्यांना जायचेच असेल त्यांनी फी भरण्यापूर्वी तासिकांचे छापील वेळापत्रक मागून घ्यावे. मला ते तिसऱ्या आठवड्यात मिळाले.