भाडं एक तारखेला येतंय, पण घरात कोण राहतंय?

हेवी डिपॉझिटची (एकदाच मोठी रक्कम ठेवायची आणि महिन्याचं भाडं नाही, अशा व्यवहाराची) फसवणूक म्हटलं की लाखो रुपये भरून बसलेलं कुटुंब आठवतं. पण त्यात घरमालकही फसलेला असतो आणि त्याला अकरा महिने पत्ताच नसतो. कारण भाडं येत असतं. एक तारखेला, कधी तर आदल्या दिवशीच.

मुंबई, ठाणे, नवी मुंबईत हा धंदा साधारण असा चालतो. मालक परगावी किंवा परदेशी, फ्लॅट रिकामा. एजंटमार्फत एक माणूस येतो. बोलायला गोड, कागदपत्रं चोख. समजा 20 हजार भाडं, 60 हजार डिपॉझिट, 11 महिन्यांचा रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करार. घासाघीस काही नाही (इथेच जरा थबकावं). किल्ली हातात पडली की आठवड्याभरात तोच फ्लॅट तो एखाद्या गरजू कुटुंबाला दाखवतो. 'काकांचा आहे, ते अमेरिकेत असतात, सगळं मीच बघतो.' 7 लाख डिपॉझिट, भाडं शून्य. करार साध्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारून.

आता त्याचा हिशेब बघा. मालकाला 11 महिन्यांचे 2 लाख 20 हजार, डिपॉझिट 60 हजार, दलाली 20 हजार. एकूण 3 लाख. उरले 4 लाख. भाडं वेळेवर येतं ते तो सज्जन आहे म्हणून नाही. मालकाने घराकडे फिरकू नये म्हणून. मुदत संपते, फोन बंद होतो आणि मालक पोचतो तेव्हा दार उघडणारी बाई विचारते, 'तुम्ही कोण?' तिचे 7 लाख गेलेले, त्यामुळे ती घर सोडायला तयार नाही. पोलिसांकडे भाडेकरू म्हणून नाव भलत्याचंच. मालकही त्यात सामील होता, असा संशय येतो तो वेगळाच.

हे पहिल्या महिन्यातच उघडं पडू शकतं. प्रत्यक्ष जाऊन घर बघायचं. ताबा दिल्यावर तीन-चार आठवड्यांत एकदा, मग दर तीन महिन्यांनी. वाजवी सूचना देऊन घर बघायचा मालकाचा हक्क ऑनलाइन कराराच्या ठरावीक मसुद्यात असतोच. त्यात 'दर तीन महिन्यांनी, 24 तास आधी लेखी कळवून, दिवसा' एवढं घालून घ्यावं. व्हॉट्सॲपवर कळवलं तरी नोंद राहते. मात्र आपल्याकडची किल्ली लावून परस्पर आत शिरू नये, उलट आपल्यावरच तक्रार होते.

भाडेकरू म्हणतो, 'कशाला त्रास घेता, व्हिडिओ कॉल करतो ना.' यात पुष्कळ जण गंडतात. आवरलेला हॉल, घासलेला ओटा, आणि बेडरूम आली की 'मूल झोपलंय'. घर सांभाळायला नेमलेला माणूसही कधी कधी सहा महिन्यांपूर्वीचेच फोटो पाठवतो. स्वतःला जमणार नसेल तर विश्वासातला नातेवाईक पाठवावा आणि त्या दिवशीच्या वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो मागावा. ते रीडिंग पुढच्या बिलाशी ताडून बघता येतं.

गेल्यावर आधी खाली वॉचमनशी दोन मिनिटं बोला. त्या फ्लॅटची पार्सलं कोणाच्या नावाने येतात, हे त्याला पाठ असतं. मग दारासमोरच्या चपला. आत बेडरूमच्या दाराला बाहेरून नवा कडी-कोयंडा आणि कुलूप दिसलं, तर त्या खोलीत दुसरंच कोणी राहतंय असं समजा. एकाच घरातली माणसं सहसा एकमेकांच्या खोल्यांना कुलपं घालत नाहीत. भिंतीला उभ्या केलेल्या पाच-सहा गाद्या, गॅलरीत प्लायवुडचा आडोसा, बाथरूममध्ये डझनभर ब्रश म्हणजे कॉट बेसिसवर, एकेका खाटेचे पैसे घेऊन, माणसं ठेवली आहेत. करारावर ज्याचं नाव आहे तो स्वतः समोर हवा. तीनदा गेलं आणि तीनदा 'ते ऑफिसला गेलेत' ऐकलं, तर रविवारी जा.

गळती, ओल, गीझर हे बघायचंच, त्यात फार वेळ जात नाही. गॅसच्या नळीवरची तारीख मात्र वाचा; सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलावी लागते.

विजेचे युनिट घरबसल्या कळतात, ग्राहक क्रमांकावर बिल ऑनलाइन दिसतं. दीडशेच्या जागी अचानक चारशे युनिट आले, तर घरात माणसं वाढलीत किंवा धंदा सुरू झालाय. घरगुती जोडणीवर व्यावसायिक वापर सापडला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून ते ठरवता आलं नाही, तर मागच्या 12 महिन्यांपर्यंतची. आणि जोडणी मालकाच्या नावावर असते.

घरात दुसरंच कुटुंब सापडलं तर त्यांच्याशी भांडू नका. त्यांचा करार बघायला मागा, फोटो घ्या, आणि त्याच दिवशी पोलिसांत स्वतः लेखी तक्रार द्या, सोबत आपला रजिस्टर्ड करार आणि भाड्याच्या बँक नोंदी जोडा. फसवणुकीसाठी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. त्या कुटुंबाने आधी तक्रार केली, तर आरोपींत मालकाचंही नाव येऊ शकतं. कराराची मुदत संपूनही भाडेकरू हटत नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

हेवी डिपॉझिटवर घर घेणाऱ्यांनीही लाइट बिलावरचं नाव म्हणजे मालक, असं समजू नये. नोंदणी विभागाकडून फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढावा, सोसायटीच्या ऑफिसात नाव विचारावं, आणि त्याच नावाच्या बँक खात्यात पैसे भरावेत. नोटरी केलेला करार पुरत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो रजिस्टर करावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. 'रजिस्ट्रेशनचा खर्च वाचवू' असं समोरचा म्हणाला, तर टोकनही देऊ नका.