व्हीएमचा कन्सोल: ब्राउझरच्या टॅबमध्ये की रिमोट-व्ह्यूअरमध्ये?

व्हीएमचा (सर्व्हरवरच्या आभासी मशीनचा) कन्सोल, म्हणजे तिची स्क्रीन आणि कीबोर्ड, ब्राउझरमध्ये दाखवणारं प्लगइन लिनक्सवर चालत नाही म्हणून अजून सिमलिंक (फाइलचे शॉर्टकट) जोडत बसला असाल, तर आधी ते थांबवा. क्रोमने लिनक्सवर एनपीएपीआय, म्हणजे असली प्लगइन चालवायची जुनी सोय, 2014 मध्येच काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये, 52व्या आवृत्तीत तेच केलं. फ्लॅशपुरती सवलत होती, पुढे तीही गेली. स्पाइस-एक्सपीआय (स्पाइस या दूरची स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोटोकॉलचं प्लगइन) योग्य फोल्डरमध्ये असलं तरी आजचा ब्राउझर तिकडे ढुंकूनही बघत नाही. कन्सोलसाठी जुना ईएसआर (फायरफॉक्सची जास्त काळ चालणारी आवृत्ती) सांभाळून ठेवायचा उद्योग मीही केलाय. ज्या ब्राउझरमधून सगळे सर्व्हर हाताळायचे, तोच अपडेटविना ठेवायचा, हे मनाला पटेना म्हणून सोडला.

आता उरतात दोन वाटा. एक नोव्हीएनसी, म्हणजे टॅबमध्येच कन्सोल. दुसरी, जोडणीची माहिती असलेली डॉट व्हीव्ही फाइल उतरवून ती रिमोट-व्ह्यूअर या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची.

नोव्हीएनसीला काही इन्स्टॉल करावं लागत नाही, हा मोठाच गुण. अडलं तर बहुधा सर्टिफिकेटवर अडतं. बऱ्याच ठिकाणी व्हीएम हाताळायचं पॅनेल एका पोर्टवर असतं आणि कन्सोलची वेबसॉकेट जोडणी दुसऱ्या. पॅनेलच्या सेल्फ-साइन्ड (सर्व्हरने स्वतःच सही केलेल्या) सर्टिफिकेटला तुम्ही होकार दिलेला असतो, पण वेबसॉकेटच्या वेळी ब्राउझर विचारतच नाही, गुपचूप नकार देतो. समोर काळा चौकोन, डेव्हलपर टूल्समध्ये 1006, म्हणजे जोडणी अचानक तुटल्याचा कोड. वेबसॉकेटचा तोच पत्ता एचटीटीपीएस लावून वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि सर्टिफिकेट स्वीकारा. माझं तरी बहुतेक वेळा एवढ्यावर भागलंय.

माझं मन फिरलं ते मात्र एका कळीमुळे. कंट्रोल+डब्ल्यू.

शेलमध्ये (कमांड टाइप करतो तिथे) मागचा शब्द खोडायला वर्षानुवर्षं बोटं तिथेच जातात. एकदा एक व्हीएम बूट होईना, म्हणून रेस्क्यू मोडमध्ये (दुरुस्तीच्या बूटमध्ये) माउंटची, म्हणजे डिस्क जोडायची लांबलचक ओळ टाइप करत होतो. शेवटचा शब्द चुकला, सवयीने कंट्रोल+डब्ल्यू दाबलं आणि अख्खा टॅब गायब. ही कळ ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो, पानापर्यंत पोचू देत नाही. नुकसान तसं शून्य. टॅब पुन्हा उघडला तर ओळ जशीच्या तशी, चुकलेल्या शब्दासकट. मी तो शब्द पाहिला आणि पुन्हा तीच कळ दाबली! व्हिम या एडिटरमध्ये खिडक्या बदलतानाही हेच रामायण. नोव्हीएनसीच्या बाजूच्या पट्टीत कंट्रोलचं वेगळं बटण आहे, पण दर शब्दाला माउस कोण धरणार?

रिमोट-व्ह्यूअर कीबोर्ड थेट ताब्यात घेतो. सुटायचं असेल तर एरवी डावीकडचे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबायचे, पण डॉट व्हीव्ही फाइल वेगळी कळही ठरवू शकते. कंट्रोल+ऑल्ट+एफ2 सारख्या कळा ‘सेंड की’ मेनूतून जातात. व्हीएममध्ये स्पाइस-व्हीडीएजंट हा छोटा प्रोग्रॅम असेल तर ग्राफिकल डेस्कटॉपवर क्लिपबोर्डही चालतो आणि खिडकीसोबत रिझोल्यूशन बदलतं.

कटकटी इथेही आहेत, नाही असं नाही. डॉट व्हीव्ही फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर एक्सडीजी-माइम या कमांडने तिचा प्रकार रिमोट-व्ह्यूअरशी जोडून द्यायचा. कालची फाइल आज चालणार नाही, कारण आतला पासवर्ड थोड्या वेळापुरताच असतो. बऱ्याचदा उघडल्यावर स्वतःला खोडून टाकायची सूचनाही तिच्यातच असते. दरवेळी नवी उतरवायची. प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवायच्या प्रणालीवर डिस्प्ले स्पाइसचा निवडावा लागतो आणि फायरवॉलमध्ये 3128 पोर्ट उघडा हवा. परक्या लॅपटॉपवर बसलात तर हे सगळं जमेलच असं नाही. तिथे मीही मुकाट्याने टॅब उघडतो. बूट कुठे अडकलंय एवढंच बघायचं असेल तेव्हाही टॅबच बरा.

एक आक्षेप रास्त आहे: रेड हॅटने आरएचईएल 9 या आपल्या लिनक्समधून स्पाइस काढून टाकलं. तुमचे होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) त्या घरातले असतील तर स्पाइसच्या भरवशावर राहू नका. पण रिमोट-व्ह्यूअरला व्हीएनसी हा स्क्रीन दाखवायचा दुसरा प्रोटोकॉलही येतो. तशा जोडणीत क्लिपबोर्ड आणि रिझोल्यूशनचं सुख जातं, ते मला कधीतरी खटकतंही. कंट्रोल+डब्ल्यू मात्र तिथेही फक्त शब्दच खोडतं.