गावच्या मित्रांना भेटायला कधी जावं: दिवाळीत, उन्हाळ्यात की हुरड्याला?

जर्मनीहून गावी जाताना मी आधी तिकिटाचा भाव बघायचो, मग रजा, मग मुलीची शाळा. मित्राच्या घरी तेव्हा काय चाललं असेल, हे विचारायचं सुचायला मला पाच-सहा फेऱ्या लागल्या. माझं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे सगळी मदार पावसावर आणि पावसाने जमिनीत सोडलेल्या ओलीवर. अशा गावात मित्र कधी मोकळा सापडेल, हे पिकावर ठरतं.

दिवाळीची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. आमच्या वर्गातली निम्मी पोरं आज पुण्यात नाहीतर चाकणला आहेत आणि ती गावात दिसतात ती याच चार दिवसांत. शाळेच्या ओट्यावर आम्ही एकदा नऊ जण जमलो होतो, ते दिवाळीतच. जानेवारीत त्याच ओट्यावर तिघं होतो.

पण नऊ जण भेटले म्हणजे नक्की किती भेटले? धनतेरसेला आलेला पुणेकर भाऊबीजेला बायकोच्या माहेरी निघालेला असतो. घरोघरी लेकीबाळी आलेल्या, ओसरीत बसायला जागा नाही. तुम्ही गेलात की चिवडा-करंजीची प्लेट, चहा, पंधरा मिनिटं, की पुढचं घर. मी एका दिवसात चौदा घरं केली आणि चौदा वेळा तिकडे थंडी किती पडते ते सांगितलं.

आणि जो गावातच राहिला, त्याचं काय? २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं, सोयाबीन काढायच्या ऐन गर्दीत. माझा सगळ्यात जवळचा मित्र हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर होता. नाकाला दुपट्टा बांधलेला, पापण्यांवर भुसा. मशीन भाड्याचं, मागे आणखी दोघांचे नंबर, त्यामुळे थांबवायची सोय नाही. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाऊण तास उभा. पोत्याचं तोंड शिवता शिवता तो म्हणाला, "तू आला त् बरं केलं बे, पण टाईम चुकवला."

२०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. तोवर सोयाबीन घरात किंवा बाजार समितीत गेलेलं असेल, कापसाचा वेचा सुरू असेल. वेचायला बाया मिळत नाहीत ही दरवर्षीचीच रड, म्हणून घरचे सगळे वावरात असतात. तरी वेचणारा माणूस दिवस मावळला की घरी येतो. हडंब्याचं तसं नाही, तो रात्रीही चालतो. दिवाळी उशिरा आली की तिचं पारडं जड होतं ते असं.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्यांनी मात्र माझं ऐकूच नये. तिकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, घरोघरी पाहुणे मुक्कामाला येतात, रात्री नाटक नाहीतर दंडार. झाडीपट्टीच्या, म्हणजे याच भागातल्या नाटकांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो, तो होळीपर्यंत. रात्रभर एकाच सतरंजीवर बसलेला मित्र कुठे पळणार? त्यांनी दिवाळीच धरावी.

मे महिन्याला सगळे नावं ठेवतात. पारा ४५ च्या आसपास, अकरा ते पाच दार लावून कूलरपुढे पडायचं, आणि लाईन गेली की ओला पंचा. परदेशात वाढलेली मुलं बरोबर असतील तर मे सोडाच. एकटे जाणार असाल तर मात्र विचार करा. वावर रिकामं असतं, वखरणी-नांगरणी सकाळी उरकते, आणि रात्री अंगणात बाजा, म्हणजे खाटा पडतात. भावाशी झालेली वाटणी, पोरीच्या लग्नाचं कर्ज, हे चिवड्याच्या प्लेटवर कधीच निघत नाही. ते रात्री बारानंतर निघतं, कारण तेव्हा दोघांचीही तोंडं आभाळाकडे असतात.

उन्हाळ्याची खरी अडचण उन्हाची नाहीच. मे म्हणजे हात रिकामे असण्याचा काळ. बी-बियाणं, खत यांची जुळवाजुळव चाललेली असते. पाहुण्यासाठी घरधनी उधारी करतो आणि सांगत नाही. महिन्याभराचा किराणा घेऊन जा, आंबे घेऊन जा, पण नोटा नको. मी एकदा मित्राच्या पोराच्या हातात नोटा ठेवल्या होत्या. पुढचे सहा महिने त्याचा फोन आला नाही.

अमेरिकेतल्यांची पंचाईत वेगळी, मुलांची सुट्टी जून ते ऑगस्ट. जूनमध्ये पेरणीची धांदल, जुलैत डवरणी-निंदण. तेव्हा सुट्टीच्या शेवटी पोळा येत असेल तरच जा. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मालकाला दुसरं काम नसतं.

राहिला हुरडा, म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं भाजून खायचा काळ. डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य. युरोपातून तिकीट नाताळाआधी महाग असतं, नवं वर्ष उलटलं की उतरतं. पुणेकर मित्र नसतात, हा तोटा आहेच, आणि तो लहान नाही. पण गावातला मित्र दुपारी तीनला घरी असतो. तुरीच्या ओल्या शेंगा उकडायच्या, रात्री सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, वावरात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे व्हायला दोन-अडीच तास लागतात, तेवढा वेळ विस्तवाभोवती बसण्यावाचून गत्यंतर नसतं. भेट झाली असं मला तिथेच वाटतं. एखादा दिवस मोकळा ठेवून चांदूर बाजार तालुक्यात बहिरमच्या यात्रेला जा, तिथली मटणाची हंडी चुकवू नका.

मुक्कामाचं थोडक्यात. अमरावतीत हॉटेल घेऊन सगळ्यांना तिथे बोलावणं सोपं पडतं, मीही केलंय. गावातला मित्र कोणाची तरी मोटारसायकल मागून आला, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसला आणि म्हशीचं दूध काढायचं म्हणून जेवणाआधीच निघाला. उलट पूर्ण आठवडा त्याच्या घरी राहिलात तर सगळा भार वहिनींवर. दोन रात्री गावात, बाकी अमरावतीत, हे मला जमलं. मुंबईहून रात्रीची अंबानगरी एक्स्प्रेस पकडली की सकाळी अमरावती. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, दिवाळीत तर त्या दिवशी सकाळीच बसावं लागतं. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरही मुंबईचं विमान येतं.

तर पुणेकर मित्र जवळचे असतील तर उशिराची दिवाळी. एकच जिवलग असेल आणि मनात काही साचलं असेल तर मे. गावातच राहिलेल्यांसाठी जात असाल तर जानेवारी, माझं मत त्यालाच. फक्त तिकीट काढण्याआधी फोन करून ज्वारी पेरली का ते विचारा. सोयाबीन आलं तशी ज्वारी कमी झाली, आणि उरलेल्या चार ओळींवर रानडुकरं टपलेली. परवा मी विचारलं तर तिकडून उत्तर आलं, "डुकरानं ठेवला त् हुरडा, नाही त् हरभऱ्याचा हुळा. तू तारीख सांग."