सिस्को पॅकेट ट्रेसर: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

नेटवर्किंग शिकायला घरात राउटर-स्विच घेऊन बसणं बहुतेकांना परवडत नाही. पॅकेट ट्रेसर हे राउटर-स्विचची नक्कल करणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं खातं काढलं की डाउनलोड करता येतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते कुरकुर न करता चालतं. सीसीएनए या सिस्कोच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या तयारीसाठी घेतलं होतं, पण त्याचा खरा उपयोग मला परीक्षेपेक्षा बिघाड शोधायला शिकताना झाला.

त्याचं श्रेय सिम्युलेशन मोडला, म्हणजे डेटाचं पाकीट (पॅकेट) कुठून कुठे जातं ते थांबत थांबत पाहण्याच्या सोयीला. डीएचसीपीचंच, म्हणजे मशिनला आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या पद्धतीचं उदाहरण घ्या. पीसी एका व्हीलॅनमध्ये (स्विचवर पाडलेला वेगळा गट), पत्ते देणारा सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये (पत्त्यांचा वेगळा गट). पीसीला पत्ता मिळतो १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे सर्व्हरकडून काहीच आलेलं नाही. आता एकेक पाऊल पुढे सरकवत पाहायचं. रंगीत पाकीट पीसीतून निघतं, स्विच ओलांडतं आणि राउटरवर येऊन थांबतं. त्यावर क्लिक केलं की कुठल्या लेयरवर काय झालं ते लिहून येतं. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून धाडलेलं पाकीट, राउटर पुढे जाऊ देत नाही हे वाक्य सगळ्यांचं पाठ असतं, इथे ते घडताना दिसतं. मग राउटरच्या त्या इंटरफेसवर (जोडणीवर) सर्व्हरचा पत्ता सांगणारा 'आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस' द्यायचा आणि तेच पाकीट थेट सर्व्हरकडे जाताना बघायचं. राउटर त्यात स्वतःचा पत्ता भरतो आणि त्यावरून सर्व्हर योग्य पूल (पत्त्यांचा साठा) निवडतो, हेही उघडून वाचता येतं. हे एकदा पाहिलं की डीएचसीपी रिले, म्हणजे राउटरने ही मागणी पुढे पोहोचवणं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

ओएसपीएफसाठी, म्हणजे राउटर ज्यातून एकमेकांना रूट (मार्ग) कळवतात त्या प्रोटोकॉलसाठी, माझी सवय अशी झाली आहे, की चालू नेटवर्क मुद्दाम मोडायचं. शेजारच्या राउटरला हेलो संदेश दर १० सेकंदांनी जातो, डेड टायमर ४० चा, म्हणजे तेवढा वेळ हेलो आला नाही तर शेजारी गेला असं धरलं जातं. एका बाजूचा हेलो ५ केला की थोड्या वेळाने शेजार तुटतो. केबलचे दिवे हिरवेच, समोरच्या राउटरला पिंगही जातो, फक्त पलीकडचे रूट गायब. अशा वेळी केबल तपासण्यात वेळ घालवू नये. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' रिकामा दिसला, की दोन्हीकडचा 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' शेजारी ठेवून टायमर, एरिया आणि सबनेट मास्क ताडून पाहायचे.

नव्यांना दोन गोष्टी आधीच सांगतो. स्विचचा दिवा सुरुवातीला नारिंगी राहतो तो बिघाड नव्हे. स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचमधलं लूप टाळणारं तंत्र, १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, मगच पोर्ट उघडतं. आणि पहिला पिंग वाया गेला तर घाबरू नका, तेवढ्यात एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणं, चाललेलं असतं.

तयार अ‍ॅक्टिव्हिटींमधली किती काम झालं ते दाखवणारी टक्केवारी मला आवडत नाही. कमांड टाकली की आकडा वाढतो, आणि विद्यार्थी नेटवर्ककडे बघायचं सोडून आकड्याकडे बघू लागतो. शिकवणाऱ्यांनी ती लपवावी, असं मला मनापासून वाटतं.

मर्यादा मात्र ओळखायला हव्यात. पॅकेट ट्रेसर म्हणजे खराखुरा आयओएस (सिस्कोच्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम) नाही, त्याची नक्कल आहे. जेवढ्या कमांड त्यात घातल्या आहेत तेवढ्याच चालतात. बीजीपीचा, म्हणजे इंटरनेटवरची मोठी नेटवर्कं एकमेकांना रूट कळवायला वापरतात त्या प्रोटोकॉलचा, तर थोडाच भाग आहे. खऱ्या लाइनवरचा उशीर किंवा हरवलेली पॅकेटं यांचा अंदाज इथे येत नाही.

म्हणून सोबत वायरशार्क, म्हणजे खऱ्या नेटवर्कवरची पॅकेटं पकडून (कॅप्चर करून) दाखवणारं साधन, हवंच. १९९८ साली इथरियल नावाने आलेलं आणि २००६ पासून या नावाने चालणारं हे साधनही फुकट आहे. कॅप्चर सुरू करा, लॅपटॉपचं वायफाय बंद करून पुन्हा लावा आणि फिल्टरमध्ये 'डीएचसीपी' लिहा. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक अशा चार पायऱ्या पाहायची सवय झालेली असते, आणि इथे बऱ्याचदा फक्त शेवटच्या दोनच दिसतात. कारण मशिनला जुना पत्ता आठवतो आणि ते थेट तोच मागतं. आपलं किंवा परवानगी असलेलं नेटवर्क सोडून इतरत्र कॅप्चर करू नये, हे ओघाने आलंच.

पुढच्या टप्प्याला लोक जीएनएस३ सुचवतात, त्यात राउटरचं खरं सॉफ्टवेअर चालवता येतं. साधन दमदार आहे, पण सिस्कोची इमेज (त्या सॉफ्टवेअरची फाइल) आपण आणायची असते आणि ती रीतसर मिळवणं सोपं नाही. त्याऐवजी लिनक्सवर एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर टाकून बघा. मुक्त स्रोत आहे, ओएसपीएफ आणि बीजीपी दोन्ही खरे चालतात, आणि कमांडही बऱ्याचशा सिस्कोसारख्याच असल्यामुळे हात लगेच बसतो.