परदेशी डबा की देशी ट्यूब?

सहा वर्षं मी लंडनच्या टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीटचं चंदनाच्या वासाचं दाढीचं क्रीम वापरलं. १५० ग्रॅमचा डबा, किंमत हजाराच्या घरात. गेलं वर्षभर गोदरेज आणि व्ही-जॉन वापरतोय. ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, तीही शंभराच्या आसपास.

वासात परदेशी डबा सरस, यात वादच नाही. तो चंदनाचा दरवळ मला अजून आठवतो. पण दाढी नीट होते ती वासामुळे नाही. केस मऊ पडतात पाण्याने, आणि फेस ते पाणी केसांवर धरून ठेवतो. हा फेस दोन्हीकडे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांच्या मऊ साबणाचाच.

परदेशी क्रीम ब्रशवर पटकन दाट होतं. देशी क्रीमला मिनिटभर जास्त घोळवावं लागतं, पाणीही थेंबाथेंबाने घालावं लागतं. एकदम ओतलं की फेस पातळ झालाच.

आमच्याकडे बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा चोथा करतात, मग क्रीम कितीही महाग असो, फेस विरतोच. वाटीभर आरओचं पाणी घेऊ लागलो आणि देशी ट्यूबचा फेस शेवटच्या हातापर्यंत टिकू लागला. डबा बदलून जे साधलं नव्हतं, ते पाणी बदलून साधलं.

त्वचा नाजूक असेल तर मात्र नवं क्रीम आधी कानामागे लावून बघा. सुगंधी द्रव्यांची आग दोन्हीकडे होऊ शकते. मी आता देशीच घेतो.