केमिस्ट्री पीएचडीचं कोर्सवर्क, 3 स्टार

वरूडकडच्या गावातून रोज लाल डब्यानं जाऊन केमिस्ट्रीचं पीएचडी कोर्सवर्क केलं, सेंटरचं नाव नाही घेत. यूजीसीच्या 2022 च्या नियमानं कमीत कमी 12 क्रेडिट अन् 55 टक्के लागतात, त्यात रिसर्च एथिक्सचा पेपर आहे 2 क्रेडिटचा, तो मॅडमनी लय भारी शिकवला, कॉपी-पेस्ट काहून अंगलट येते ते तिथंच समजलं. एनएमआरचं (रेणूची रचना ओळखायचं तंत्र) मात्र काय सांगू बा, मशीन डोळ्यानं दिसलीच नाही, नुसते छापील स्पेक्ट्रा, म्हणजे त्याचे आलेख, त्यात नमुना विरघळवायच्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्मचा 7.26 पीपीएमचा पीक तेवढा तोंडपाठ झाला. मिश्रण वेगळं करायचा कॉलम लावायचा म्हटलं तर त्याला लागणारं द्रावक, हेक्झेन, संपलेलं! टीएलसी (पातळ थराच्या पट्टीवर मिश्रणातले घटक तपासायची पद्धत) शेवटी सिनियर दादानंच शिकवली, चहाच्या बदल्यात.